थेट विक्री कंपन्यांचे फसवे नोकरीप्रस्ताव (मराठवाडा)

नोकरी लावतो म्हणून बोलावून घ्यायचे आणि गेल्यावर कंपनीचा माल विकत घ्यायला, तो दारोदार विकायला किंवा आणखी माणसे जोडायला लावायचे, असा हा फसवणुकीचा प्रकार आहे. बोलीभाषेत त्याला ‘चेन मार्केटिंग’ किंवा ‘साखळी’ म्हणतात. आत गेलेली मुले ‘जॉइनिंग केली’, ‘आयडी लावली’ असे म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांत त्याचा पहिला निरोप बहुधा ओळखीच्याच माणसाकडून येतो. वर्गमित्र, मावसभाऊ, गावातला दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेलेला मुलगा यांपैकी कुणीतरी फोन करतो.

दुकान न थाटता प्रतिनिधींमार्फत थेट ग्राहकाला माल विकणे म्हणजे थेट विक्री. हा व्यवसाय कायदेशीर आहे आणि त्यातून प्रामाणिकपणे चार पैसे मिळवणारी माणसे, विशेषतः बायका, गावोगावी आहेत. त्यांचा माल वाईटच असतो असेही नाही. फसवणूक होते ती ‘नोकरी’ या शब्दापाशी. नोकरीत पैसा कंपनीकडून माणसाकडे येतो. इथे पहिलाच व्यवहार उलटा होतो, आणि तरीही त्याला नोकरीच म्हटले जाते.

मराठवाड्याची जमीन

शेती बहुतांश कोरडवाहू, खरिपाचा भरवसा सोयाबीन आणि कापसावर, आणि मोठे कारखाने वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा मोजक्या ठिकाणी एकवटलेले. त्यामुळे शिकलेल्या मुलासमोर दोनच रस्ते दिसतात: भरतीची तयारी किंवा पुणे. पोलीस भरतीत दोन-चार गुणांनी राहिलेला, लातूरला वर्षभर शिकवणी लावूनही ‘नीट’मध्ये गुण न आलेला, पदवी घेऊन घरी बसलेला मुलगा चार माणसांत जायला टाळू लागतो. ‘पुण्याला कंपनीत आहे’ एवढे वाक्य गावात पुरते. कोणती कंपनी, काय काम, हे पुढे कुणी विचारत नाही. साखळीवाल्यांना नेमके हेच न विचारणे उपयोगी पडते.

पैसा कुठून येतो हेही पाहण्यासारखे आहे. सोयाबीनची पट्टी, बचत गटाचे कर्ज, आईच्या गळ्यातली पोत गहाण ठेवून उचललेली रक्कम. ज्या घरात पंधरा-वीस हजार रुपये एकरकमी निघणे सोपे नसते, त्याच घरातून ते निघतात, कारण मुलाच्या नोकरीसाठी घर नाही म्हणत नाही.

फोन

निरोपाची भाषा जिल्हा बदलला तरी फारशी बदलत नाही:

‘काय करायलास सध्या? आमच्या कंपनीत जागा निघालीय. पगार अठरा हजार, राहणं-खाणं फ्री. मी साहेबाला बोललोय तुझ्यासाठी, पण परवाच्या आत यावं लागतंय.’

‘काम काय असतंय?’

‘ऑफिसचंच हाय रे. फोनवर नाही सांगता येत, आल्यावर समजतंय सगळं. चार जोड कपडे अन् ओरिजनल कागदपत्रं घेऊन ये. ट्रेनिंगचे पैसे लागतेत थोडे, ते रिटर्न भेटतेत. घरी सांग नोकरी लागली म्हणून.’

या चार वाक्यांत बहुतेक सगळ्या खुणा आलेल्या आहेत. पगाराचा आकडा पक्का आहे, पण कामाचे नाव नाही. घाई आहे. मूळ कागदपत्रे मागितली आहेत. पैसे लागणार आहेत. आणि घरच्यांना काय सांगायचे तेही ठरवून दिले आहे. शेवटची खूण सगळ्यांत महत्त्वाची मानावी. खऱ्या नोकरीला आईवडिलांपासून काही लपवावे लागत नाही.

फोन करणाऱ्याला हे संवाद शिकवलेले असतात. त्याच्याकडे ‘लिस्ट’ असते: मोबाइलमधले नातेवाईक, मित्र, शाळासोबती यांची वहीत उतरवलेली नावे. त्या नावांपुढे कुणाला पैशाची अडचण आहे, कुणाची नोकरी गेली, कोण जास्त प्रश्न विचारतो, अशा नोंदी असतात. फोनवर ‘प्लॅन’ उघड करायचा नाही, ही पहिली शिकवण. म्हणून ‘काम काय?’ या साध्या प्रश्नावर जो माणूस तीनदा उत्तर टाळतो, त्याच्या बोलण्यात कितीही आपलेपणा असला तरी तिथे थांबावे. तो खोटारडा असेल असे नाही. बहुधा तोही असाच एका फोनवर आलेला असतो आणि आपले पैसे सुटावेत म्हणून दुसऱ्याला बोलावत असतो. आपल्या माणसाकडून आपल्याच माणसाला फसवून घेणे ही या व्यवहारातली सर्वांत क्रूर गोष्ट आहे.

तिथे गेल्यावर

उतरवून घ्यायला दोघे-तिघे येतात. एका खोलीत दहा-पंधरा मुले, ओळीने गाद्या, एकत्र स्वयंपाक. सकाळी फॉर्मल शर्ट, टाय, हस्तांदोलन, ‘गुड मॉर्निंग सर’. मग दोन-तीन दिवस सेमिनार. व्यासपीठावर एकामागून एक येणारे ‘सिनियर’ आपण कसे शेतकऱ्याचे पोर होतो आणि आता गाडी कशी घेतली ते सांगतात. टाळ्या पडतात. नवख्याला एकटे सोडले जात नाही. तो घरी फोन करतो तेव्हाही कुणीतरी शेजारी उभे असते. शंका काढणाऱ्याला ‘निगेटिव्ह’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी पैसे भरायची वेळ येते. त्या बदल्यात सुटाचे कापड, घड्याळ, आयुर्वेदिक औषधे किंवा ‘कोर्स’ हातात पडतो. बाजारात त्या वस्तूची किंमत काय, हे तिथे कुणी विचारू देत नाही.

भरायला दिलेला फॉर्म सावकाश वाचला तर खरी गोष्ट त्यातच लिहिलेली सापडते. वर कंपनीचे नाव, खाली ‘स्पॉन्सर आयडी’ (ज्याने आणले त्याचा क्रमांक), ‘प्लेसमेंट : लेफ्ट / राइट’ (साखळीत त्याच्या कोणत्या बाजूला बसवायचे ते), आणि बारीक अक्षरांत मजकूर असा की अर्जदार हा कंपनीचा कर्मचारी नसून स्वतंत्र वितरक आहे आणि कंपनी त्याला पगार देण्यास बांधील नाही. ज्या कागदावर सही करून मुलगा नोकरीला लागला असे घरी कळवतो, त्याच कागदावर ही नोकरी नाही असे छापलेले असते. बहुतेक वेळा मजकूर इंग्रजीत असतो आणि सहीची जागा फुलीने दाखवलेली असते.

दारोदारचा प्रकार

दुसरा प्रकार शहरात चालतो. एसटी स्टँडच्या भिंती, विजेचे खांब, व्हॉट्सॲपचे स्टेटस यांवर जाहिरात दिसते: ‘ऑफिस असिस्टंट, मॅनेजमेंट ट्रेनी पाहिजेत, अनुभवाची गरज नाही, 10वी ते पदवीधर’. कंपनीचे नाव नसते, फक्त मोबाइल नंबर. मुलाखत पाच मिनिटांत उरकते आणि आलेल्या प्रत्येकाची निवड होते. दुसऱ्या दिवशी ‘काम बघायला’ म्हणून एका जुन्या मुलासोबत पाठवतात आणि तो खांद्यावर बॅग घेऊन वसाहतीतली दारे वाजवत फिरतो. पगार नसतो, विकल्या गेलेल्या मालावर कमिशन असते. रिक्षाचे भाडे, जेवण स्वतःचे. ‘सहा महिन्यांत स्वतःचे ऑफिस’ हे आश्वासन असते, आणि त्याची अट म्हणजे हाताखाली माणसे आणणे. इथे मोठी रक्कम बुडत नाही, महिने बुडतात. घरबसल्या पॅकिंगचे काम देतो म्हणून नोंदणी शुल्क घेणारे वेगळे. ती निव्वळ लूट आहे आणि तिला मालाचाही आडोसा नसतो.

फिरतीची प्रत्येक नोकरी मात्र संशयाने पाहू नये. जालना हे बियाणे उद्योगाचे जुने केंद्र आहे. बियाणे, खते, औषधे यांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी दिवसभर मोटारसायकलवर असतात आणि त्यांनाही विक्रीचे उद्दिष्ट असते. पण त्यांच्याकडे नेमणूकपत्र असते, ठरलेला पगार आणि प्रवासभत्ता असतो, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक असतो. मालाचे पैसे ते स्वतःच्या खिशातून भरत नाहीत, आणि चुलतभावाला आणले नाही म्हणून त्यांचा पगार अडत नाही.

गणित

साखळीत ‘फक्त दोन माणसे आणा’ असे सांगतात, आणि ऐकणाऱ्याला दोन हा आकडा छोटा वाटतो. प्रत्येकाने दोन माणसे आणली तर दहाव्या पायरीपर्यंत 1,023 माणसे होतात, म्हणजे एखादे लहान गाव. त्यातली शेवटच्या पायरीवरची 512 माणसे अशी की त्यांच्याखाली कुणीच नाही. त्यांच्या वरच्या 256 जणांखाली प्रत्येकी दोनच. म्हणजे हजारातल्या 768 जणांचा हिशेब कोरा किंवा जवळजवळ कोरा. हे कुणाच्या आळसामुळे होत नाही. रचनाच तशी आहे. प्रत्येकाने सहा आणले तर दहाव्या फेरीत 6 कोटींहून अधिक नवी माणसे लागतील. 2011 च्या जनगणनेनुसार अख्ख्या मराठवाड्याची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 87 लाख होती. तरीही कमाई झाली नाही की दोष मुलालाच लावला जातो: ‘तुझी मेहनत कमी पडली.’ कित्येक मुले हे खरे मानून परत येतात आणि वर्षानुवर्षे स्वतःलाच दोष देत राहतात.

कायदा

केवळ माणसे जोडल्याबद्दल पैसे फिरवणाऱ्या योजनांवर 1978 च्या प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्टने बंदी आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये थेट विक्रीचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार कंपनीला पिरॅमिड योजना, म्हणजे माणसाखाली माणसे जोडून त्यावर पैसे देणारी साखळी, चालवता येत नाही, प्रवेश शुल्क किंवा नोंदणी शुल्क घेता येत नाही, विक्रेत्याशी आधी लेखी करार करावा लागतो आणि तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. करारानंतर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडण्याची सोयही द्यावी लागते. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये, असाही नियम आहे.

शुल्क घेता येत नाही म्हणूनच ते ‘किट’, ‘प्रॉडक्ट’ किंवा ‘ट्रेनिंग’ या नावाने घेतले जाते. पावती वस्तूची मिळते. पुढे तक्रार केली तर कंपनी म्हणते, तुम्ही माल घेतला, आम्ही माल दिला.

सेमिनारमध्ये कंपनीच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, आयएसओचे चिन्ह पडद्यावर दाखवतात. यातले काहीही नोकरीची हमी नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी म्हणजे त्या नावाची कंपनी अस्तित्वात आहे एवढेच, आणि जीएसटी क्रमांक कुठल्याही व्यापाऱ्याकडे असतो. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून तिची स्थापना कधीची आणि पत्ता कुठला ते जरूर पाहावे, पण नोंदणी सापडली म्हणून निश्चिंत होऊ नये.

जाण्याआधी आणि गेल्यानंतर

निघण्याआधी तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लेखी मागाव्यात: पदाचे नाव व काम, पगार कोण व कोणत्या तारखेला देणार, आणि कंपनीच्या नावाने नेमणूकपत्र. ‘आल्यावर देतो’ हे उत्तर म्हणजे नकार समजावा. पैसे मागितले तर ते कुणाच्या खात्यात जाणार ते विचारावे. कंपनीच्या नावाऐवजी एखाद्या माणसाचा यूपीआय क्रमांक आला तर पुढे बोलण्याची गरज नाही. मूळ गुणपत्रिका आणि टीसी घरीच ठेवून झेरॉक्स न्यावी. नोकरीची चौकशी करायला प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. तिथल्या नोंदणीला आणि मेळाव्यांना पैसे लागत नाहीत.

अडकलेल्याने आधी बाहेर पडावे, हिशेब नंतर करावा. कुणी जाऊ देत नसेल किंवा कागदपत्रे अडवली असतील तर 112 वर फोन करावा. माणसाला अडवून ठेवणे हा गुन्हा आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. फॉर्मचा फोटो, पावती, ज्या नंबरवरून बोलावणे आले त्यावरचे संदेश हे सगळे जपावे, कारण ‘नोकरी’ हा शब्द नेमका त्या संदेशांतच सापडतो, करारात नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत 2 वर्षांची आहे. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला कायदा व्यापारी हेतूची खरेदी मानत नाही, हा मुद्दा अर्जात लिहावा.

तक्रार करायला निघालेल्या मुलाला ‘सिनियर’ एक धमकी हमखास देतात: तूही माणसे आणलीस, तूही आत जाशील. धमकीत तथ्य आहे. 1978 चा कायदा योजना चालवणाऱ्याबरोबर सदस्य जोडणाऱ्यालाही लागू होतो. म्हणून ज्याने अजून कुणालाच आणलेले नाही, त्याची तक्रार सर्वांत भक्कम ठरते. ज्याने आणले आहे, त्याने त्या दोघा-तिघांच्या घरी स्वतः जाऊन, झाले ते सांगून, त्यांना सोबत घेऊन ठाण्यात जावे. त्या घरांत शिव्या खाव्या लागतात, कधी दार लावून घेतले जाते. पण एकाच गावातल्या चार जणांचे जबाब, तेच फोन नंबर आणि तेच खाते पोलिसांसमोर एकत्र आले, तर कंपनीला ‘हा एकट्याचा गैरसमज आहे’ असे म्हणायला जागा राहत नाही.