रुळांचं माप आणि सॉफ्टवेअरचे जोड

जळगाव जिल्ह्यातली पाचोरा–जामनेरची छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट लवकर कळेल. तिचे रूळ अरुंद, मेन लाइनचे रुंद. जामनेरहून मुंबईला निघालेल्या माणसाला पाचोऱ्यात बोचकी घेऊन उतरावंच लागे.

१९९०च्या दशकात कंपन्यांची सॉफ्टवेअरं अशीच होती. हिशेबाचं माप वेगळं, गोदामाचं वेगळं, पगाराचं तिसरंच. एकातली माहिती दुसऱ्यात न्यायची तर मधला प्रोग्राम मुद्दाम लिहून घ्यावा लागे. तो लिहिणारे सिस्टिम इंटिग्रेटर त्या 'पाचोऱ्या'वरच पोट भरत. १९९२ साली जर्मनीच्या सॅप कंपनीने आर/३ आणलं, म्हणजे हिशेब, गोदाम, पगार सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. सगळं एकाच कंपनीचं घेतलं की जोडायचं उरणारच नाही, अशी आशा होती. पण जुनं सॉफ्टवेअर कोणी फेकून देत नाही, आणि सॅप बसवण्याचं कामच इंटिग्रेटरांना वर्षानुवर्षं पुरलं.

'सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर' हा शब्द गार्टनर या सल्लागार कंपनीच्या विश्लेषकांनी १९९६ मध्ये पुढे आणला. त्याचा अर्थ साधा: 'या गिऱ्हाइकाची बाकी किती?', 'हा माल शिल्लक आहे का?' अशी कामं प्रत्येक सॉफ्टवेअरने ठरलेल्या रीतीने बाहेरच्याला विचारू द्यायची. आत काय चालतं ते त्याला कळायची गरज नाही. १९९८ मध्ये एक्सएमएल, म्हणजे माहिती लिहायची एक सामाईक पद्धत, प्रमाण झालं; पाठोपाठ ती माहिती एका सॉफ्टवेअरकडून दुसऱ्याकडे पाठवण्याची रीत, सोप, आली, आणि रुळांना एक माप मिळू लागलं.

खरा पेच पडला विक्रेत्या कंपन्यांना. तुकडे सुटे झाले की गिऱ्हाईक एक काढून दुसऱ्या कंपनीचा बसवू शकतं. माझ्या मते इथे त्यांनी कुलूप सॉफ्टवेअरवरून काढून जोडावर लावलं. सॅपचं नेटवीव्हर हे जोडणारं सॉफ्टवेअर २००३ मध्ये आलं. ओरॅकलने पीपलसॉफ्ट, सीबेल आणि २००८ मध्ये बीईए या सॉफ्टवेअर कंपन्या विकत घेतल्या, आणि हे सारं फ्यूजन मिडलवेअर या आपल्या जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने बांधू म्हणून सांगितलं. तुकडे कुणाचेही घ्या, सांधा आमचा. आयबीएमने तर २००२ मध्येच पीडब्ल्यूसी या हिशेब तपासणाऱ्या कंपनीचा सल्लागार विभाग घेतला होता; विकणारा आणि जोडणारा एकाच घरात नांदू लागले. इंटिग्रेटरांनीही बँक, विमा अशा एकेका धंद्यासाठी तयार सर्व्हिस बांधून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे तेही थोडे विक्रेते झाले.

जळगावच्या एमआयडीसीतल्या प्लास्टिक चटई कारखान्यांना हे सगळं जाणवलं ते जीएसटीमुळे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. बिल ठरलेल्या साच्यात पोर्टलकडे जातं, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड परत येतो. इथे जोडाचं माप सरकारने ठरवलं, कोणा कंपनीने नाही, आणि हा फरक मला मोलाचा वाटतो. पण टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर हे काम आतूनच करतं. पूर्वी कारखान्या-कारखान्यात जाऊन अशा छोट्या जोडण्या करून देणारी इथली पोरं माझ्या ओळखीची आहेत. त्यांची ती कमाई गेली, याचं मला वाईट वाटतं.

त्यांच्यापाशी आज उरलंय ते कारखान्याच्या आतलं काम: वजनकाट्याचा आकडा थेट हिशेबात आणणं, प्लास्टिकचा दाणा किती आला, मागावर चटई किती विणली, वाया गेलेला माल वितळवून पुन्हा किती वापरला, याचा मेळ घालणं. त्याचा साचा अजून कोणी ठरवलेला नाही.