रबराच्या लाकडावरचा निळा डाग

रबराच्या झाडाचा चीक २५ ते ३० वर्षांनी आटला, की केरळमधील बागायतदार ते झाड तोडून त्याचे लाकूड विकतात. हे लाकूड फिकट पिवळसर आणि रंध्याला सोपे असते. पण सागासारखा टिकाऊ, गडद गाभा त्याला जवळजवळ नसतो आणि त्याच्या पेशींत साखर व स्टार्च भरपूर असतात. त्यामुळे दमट हवेत ओंडक्याच्या कापलेल्या टोकांवर काही दिवसांतच निळसर-काळे डाग उमटतात. ते पाडणारी मुख्य बुरशी म्हणजे लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी. आंबा बागायतदारांनाही ती वेगळ्या रूपात भेटते, कारण पिकत्या आंब्याची देठाकडून सुरू होणारी कूज बहुधा तिच्यामुळेच होते.

डाग पडणे म्हणजे कुजणे नव्हे. ही बुरशी मुख्यतः पेशींत साठलेल्या अन्नावर जगते, त्यामुळे फळीचे बळ फारसे घटत नाही. मात्र तिच्या तंतूंतील मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य लाकडाच्या आत खोलवर पसरते आणि रंधा मारूनही जात नाही. नुकसान होते ते भावाचे. अमेरिकेतील कोलोरॅडोत भुंगेऱ्यांनी मारलेल्या पाइनचे असेच निळे लाकूड भिंतींना लावण्यासाठी हौसेने घेतले जाते, हा रुचीचा भाग. फिकट फर्निचरसाठी रबराचे लाकूड घेणारा गिऱ्हाईक मात्र तसे मानत नाही.

पूर्वी यावर सोडियम पेंटाक्लोरोफिनेट हे बुरशीनाशक, म्हणजे पेंटाक्लोरोफिनॉलचा क्षार, वापरत. ते प्रभावी होते, पण विषारी आणि पर्यावरणात रेंगाळणारे. पेंटाक्लोरोफिनॉल व त्याचे क्षार २०१५ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे पर्यावरणात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आले. बोरिक आम्ल व बोरॅक्स यांचे द्रावण त्या मानाने पुष्कळ सौम्य असून लाकूड पोखरणाऱ्या किड्यांवर उत्तम चालते. डागाच्या बुरशीवर ते एकटे पुरे पडत नाही आणि पावसात धुपून जाते, हे मात्र विसरता येत नाही.

माझ्या मते खरा उपाय बाटलीत नसून वेळापत्रकात आहे. बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, म्हणून लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली नेला की तिची वाढ थांबते. झाड पडल्यापासून एक-दोन दिवसांत ओंडका चिरणे, फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून हवेशीर थप्पी रचणे किंवा थेट भट्टीत वाळवणे, एवढ्यानेच बरेचसे काम होते. चिरायला उशीर होणार असेल तर उलट वाट धरावी: ओंडके पाण्यात पूर्ण बुडवावेत किंवा त्यांच्यावर सतत फवारा ठेवावा, म्हणजे आत प्राणवायू पोहोचत नाही. २००५ च्या ‘गुडरून’ वादळानंतर स्वीडनमध्ये उन्मळलेल्या झाडांचे प्रचंड ढीग असेच पाणी शिंपडून राखले होते. अर्धवट ओला ओंडका आठवडाभर सावलीत पडू देणे हीच सर्वांत वाईट सोय.

सर्वांत चतुर उपाय मात्र बुरशीविरुद्ध बुरशी हा आहे. मेलॅनिन बनवू न शकणारा, पांढराच राहणारा वाण ताज्या लाकडावर फवारला, तर तो साखर आधीच फस्त करतो आणि रंगीत बुरशीला जागा उरत नाही. कागदाच्या लगद्यासाठीच्या लाकडी चकत्यांतील राळ कमी करण्याकरिता अमेरिकेत तयार झालेला ऑफिओस्टोमा पिलिफेरम या बुरशीचा ‘कार्टापिप’ हा रंगहीन वाण या कामीही तपासला गेला. प्रयोगशाळेत अशी युक्ती छान जमते. उघड्या वखारीत मात्र फवारणीआधीच हवेतले किंवा किड्यांनी आणलेले बीजाणू ओंडक्यात शिरलेले असतील, तर पांढऱ्या बुरशीला उशीर झालेला असतो.