मॉरिशसचे कोरडे रान आणि उसनी कासवे : पार्श्वभूमी

मॉरिशसच्या जंगलाचा विषय निघाला की बोलणे डोडोवर जाते आणि तिथेच थांबते. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून इथे पुन्हा सांगत नाही. डोडो ज्या किनारी रानात हिंडत असे, त्या रानाचे पुढे काय झाले हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडे ‘शुष्क वन’ म्हणजे पानझडी रान, चैत्र-वैशाखात उघडे पडणारे. मॉरिशसचे कोरडे रान तसे नाही. बेटाच्या मधल्या पठारावर वर्षाला 4,000 मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर हजारापेक्षाही कमी. तरी तिथली मूळची बरीच झाडे बारमाही हिरवी असतात. पाने जाड, चामड्यासारखी. वाढ अतिशय सावकाश. आग्नेय किनाऱ्यावर पाऊस त्यापेक्षा बरा असतो, पण पायाखाली प्रवाळाची चुनखडी. पडलेले पाणी चाळणीतून जावे तसे खाली जाते. म्हणजे कोरडेपणा कुठे आभाळातून येतो, कुठे जमिनीतून. नुसता पाऊस मोजून याची व्याख्या करणाऱ्यांचे हिशेब इथे चुकतात.

डचांनी 1638 मध्ये वस्ती केली ती मुख्यतः एबनीसाठी. हा वृक्ष आपल्या टेंभुर्णीच्या जवळच्या नात्यातला, पण त्याच्या काळ्या गाभ्याला युरोपात सोन्याचा भाव. 1639 मध्ये जावाहून ऊस आला, हरणेही आली. डच गेले, फ्रेंच आले. 1769 मध्ये फ्रेंच प्रशासनाने वनसंरक्षणाचा हुकूम काढला. प्रत्येक जमीनदाराने पाव हिस्सा जंगल राखावे, डोंगरउतार मोकळे करू नयेत, पाण्यापासून दोनशे यार्डांतली झाडे तोडू नयेत. जंगल गेले की पाऊस जातो, ही त्यामागची धारणा. जगातल्या सुरुवातीच्या वनकायद्यांत या हुकुमाचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण त्याची नजर होती डोंगरावर आणि नदीवर. किनाऱ्यावरच्या सपाट, कोरड्या रानाचा पावसाच्या हिशेबात उपयोग नव्हता, त्यामुळे त्याची काळजी कोणीच घेतली नाही. माझ्या मते आजच्या दुरवस्थेचे मूळ इथे आहे. कुऱ्हाड सगळीकडेच चालली, कायद्याचा आडोसा मात्र ओल्या जंगलालाच मिळाला.

इंग्रजांच्या काळात, 1825 मध्ये, मॉरिशसच्या साखरेवरचा जादा कर उठला आणि उसाची लागवड झपाट्याने पसरली. 1834 पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली माणसे होती. आज मॉरिशसमध्ये मराठी बोलणारी कुटुंबे आहेत ती त्यांचीच. त्यांच्या घामावर उभी राहिलेली शेते बऱ्याच ठिकाणी या रानाच्याच जागेवर होती. हे त्यांच्यावरचे दूषण नाही. जमीन कशासाठी मोकळी करायची हे त्यांना कोणी विचारले नव्हते. आज साऱ्या देशात चांगल्या अवस्थेतले मूळ जंगल दोन टक्क्यांहून कमी उरले आहे आणि त्यात कोरड्या रानाचा वाटा नगण्य. नैऋत्य टोकाच्या ल मॉर्न डोंगराच्या कड्यावर देशाचे राष्ट्रीय फूल टिकून आहे, कारण तिथे उसाला जागा नव्हती. उत्तरेकडच्या राउंड आयलंड या छोट्या बेटावर ताडांचे रान उरले, कारण तिथे उंदीर पोहोचले नाहीत. तिथल्या बकऱ्या 1979 मध्ये आणि ससे 1986 मध्ये हटवल्यावर रोपे पुन्हा वर येऊ लागली.

तिसरी जागा आग्नेय किनाऱ्यावर माएबूरच्या उपसागरात, किनाऱ्यापासून एक किलोमीटरही दूर नसलेली. ईल ओ एग्रेत, म्हणजे बगळ्यांचे बेट. जेमतेम 26 हेक्टर. किनारी एबनीचे रान म्हणावे असे जे शिल्लक आहे ते इथेच. पण तेही अस्पर्श नव्हते. सरपणासाठी आणि लाकडासाठी तोड झालेली, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी सैन्याने तोफांसाठी बांधकामे केलेली. 1965 मध्ये बेट राखीव झाले, पण राखीव झाले म्हणून तोड लगेच थांबली नाही. खरे काम ऐंशीच्या दशकात एका स्थानिक संवर्धन संस्थेने बेट भाडेपट्ट्याने घेतल्यावर सुरू झाले. रानात घुसलेल्या झाडांची यादी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल : आपली सुबाभूळ आणि कोकणातले तांबट त्यात पुढे. ही झाडे हाताने उपटायची, पुन्हा उगवली की पुन्हा उपटायची, असे वर्षानुवर्षे चालले. 1991 मध्ये उंदीर संपवले. चिचुंद्री मात्र हटली नाही; तिच्यासाठी केलेली मोहीम फसली. गुलाबी कबुतरे रानात दहाच्या आसपास उरली होती, ती नव्वदच्या दशकात इथे आणून सोडली. 2006 मध्ये राउंड आयलंडवरची मोठी सापसुरळी आली.

वाद पेटला तो कासवांवरून.

मॉरिशसला स्वतःची महाकाय कासवे होती, दोन जातींची. जहाजांवर ताजे मांस म्हणून ती भरभरून नेली आणि संपवली. ती गेली तेव्हा रानाची मोठी फळे खाणारे, बिया दूर नेऊन टाकणारे जनावर गेले. एबनीची फळे पिकून झाडाखालीच पडत, तिथेच रुजत, आईच्या सावलीत खुरटत. तोड झालेल्या भागात एबनीचे रोप दिसेना, कारण तिथवर बी नेणारे कोणी नव्हते. तेव्हा सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची महाकाय कासवे आणायचे ठरले. 2000 साली ती बगळ्यांच्या बेटावर आणली; आधी कुंपणात ठेवून काय खातात, काय तुडवतात ते पाहिले, मग मोकळी केली.

आक्षेप हलका नव्हता. ज्या बेटाचे वाटोळे परक्या प्राण्यांनी केले, तिथे आणखी एक परका प्राणी? अल्डाब्राचे कासव मूळच्या कासवाचे जवळचे नातेवाईकही नाही. ते विदेशी बियाही पसरवेल, रोगही आणू शकेल. आणि मॉरिशसला असल्या उपायांचा कटू अनुभव होता : प्लेगच्या साथीनंतर, 1900 च्या सुमारास, उंदीर मारायला हिंदुस्थानातून मुंगूस आणले, आणि त्याने पक्ष्यांवरही हात साफ केला.

तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो. मुंगूस एकदा सुटले की सुटले. कासव मात्र मोजता येते, खूण करता येते, नको वाटले तर उचलून परत नेता येते. शिवाय अल्डाब्राची कासवे मॉरिशसला अगदी नवी नव्हती. 1874 मध्ये इंग्लंडमधल्या निसर्गशास्त्रज्ञांनी या कासवांना वाचवा असे पत्र पाठवले ते मॉरिशसच्याच गव्हर्नरला, कारण अल्डाब्रा तेव्हा त्याच्या अखत्यारीत होते. पुढे मॉरिशसच्या बागांतून ही कासवे पाळली गेली.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र झाडांनीच दिला. इथल्या कित्येक देशी झाडांचे रोप आणि मोठे झाड शेजारी ठेवले तर एकाच जातीची आहेत यावर विश्वास बसत नाही. रोपाची पाने चिंचोळी, काही जातींत शिरा तांबूस. मोठ्या झाडाची रुंद, हिरवीगार. उंची वाढली की पान बदलते. कासवांपुढे दोन्ही प्रकारची पाने टाकून पाहिली, तर त्यांनी मोठ्या झाडाची पाने आवडीने खाल्ली आणि रोपांची टाळली. कासवाच्या तोंडापासून वाचायची युक्ती ही झाडे कासवे गेल्यावरही विसरली नव्हती. परका प्राणी म्हणून ज्याला विरोध झाला, त्याच्या भुकेशी या रानाचा आधीच मेळ बसलेला होता.

कासवांच्या या प्रयोगाचा निकाल 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. कासवांच्या विष्ठेतून एबनीच्या बिया बेटभर पोहोचल्या होत्या, पोटातून गेलेल्या बिया जास्त चांगल्या रुजत होत्या, आणि नवी रोपे तग धरून होती. तोवर, 2007 मध्ये, राउंड आयलंडवरही कासवे सोडली गेली होती.

मग 25 जुलै 2020 ला वाकाशिओ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळकड्यावर चढले. 6 ऑगस्टला तेल गळू लागले. अंदाजे हजार टन समुद्रात गेले. बगळ्यांचे बेट त्या पट्ट्यातच. रोपवाटिकेतली दुर्मीळ रोपे आणि कासवांची पिल्ले होडीने मुख्य बेटावर हलवली गेली. किनाऱ्यावर हजारो लोक उसाचे पाचट जाळ्यात भरून, शिवून, तेल अडवायला लांबच लांब तरंगते बांध तयार करत होते.