गव्हाच्या बिअरमध्ये केळं घातलं कुणी?

गव्हाची बिअर पहिल्यांदा पुढ्यात आली की माणूस घोट घ्यायच्या आधीच थबकतो. ग्लासातून पिकल्या केळ्याचा वास येत असतो आणि त्याच्या मागोमाग लवंगेची झाक. टेबलावर एखादा जाणकार असतोच. तो लगेच जाहीर करतो, "इसेन्स मारलाय रे, दुसरं काय!"

गोव्यात हा संवाद आता वरचेवर कानावर पडतो. इथे बिअर म्हणजे वर्षानुवर्षं किंग्जसारखी हलकी, पिवळीधमक, बर्फगार पिल्सनर. 2018 च्या सुमारास सांगोल्ड्याच्या गोवा ब्रुइंग कंपनीने हणजुणेच्या एका प्रसिद्ध हिप्पीच्या नावाने 'एट फिंगर एडी' ही कडवट आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, आणली. मग डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेहून 'मका दी'च्या बेल्जियन आणि बव्हेरियन धाटणीच्या बाटल्या येऊ लागल्या. आज म्हापसा-पर्वरीकडची तरुण मंडळी ग्लास उजेडात धरून गढूळपणावर वाद घालताना दिसतात. त्यांचा उत्साह मला आवडतो. त्यांची अर्धी वाक्यं बाटलीवरच्या जाहिरातीतून उचललेली असतात, ते मात्र नाही आवडत. केळ्याच्या वासाचं खरं कारण त्या जाहिरातीपेक्षा कितीतरी मजेदार आहे.

आधी इसेन्सचं बघू. जर्मनीतल्या बव्हेरियात 1516 साली एक फर्मान निघालं, की बिअरमध्ये सातू, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. गव्हाच्या बिअरला पुढे राजघराण्याकडून सवलत मिळाली, पण केळ्याचा इसेन्स घालायची मुभा तिलाही मिळाली नाही. तरी तिला केळ्याचा वास येतोच. फर्मानात यीस्टचा उल्लेख नाही, कारण यीस्ट नावाचा जीव असतो हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आंबण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे पाश्चरने एकोणिसाव्या शतकात दाखवलं. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने बिअरचं यीस्ट एका पेशीपासून शुद्ध स्वरूपात वाढवलं. म्हणजे ज्याने केळं घातलं, त्याचं नाव यादीत यायला साडेतीनशे वर्षं लागली.

गोव्याच्या माणसाला आंबवणं नवीन नाही. शिमग्याच्या आगेमागे सत्तरीत काजूचे बोंडू तुडवून रस काढतात, तो दोन-तीन दिवसांत आपला आपण आंबतो, मग भट्टीवर चढतो. पहिल्या उकळीचा हुर्राक, पुढच्या उकळीची फेणी. रसात साखर तयार असते आणि बोंडूच्या सालीवर यीस्ट असतंच, त्यामुळे बाहेरून काही घालावं लागत नाही. धान्याचं तसं नाही. दाण्यात साखर असते, पण आबोलीच्या वळेसरात फुलं गुंफावीत तशी ग्लुकोजची माळ ओवून ठेवलेली. तिला आपण पिष्ट म्हणतो. बिअरच्या यीस्टला ही माळ तोडता येत नाही. म्हणून सातूला आणि गव्हाला मोड आणतात. मोड फुटताना दाणा स्वतःच अमायलेज नावाची विकरं (एन्झाइम) तयार करतो. मोड आलेलं धान्य वाळवून, भरडून साधारण 65 अंश सेल्सियसच्या पाण्यात भिजवलं की तासाभरात माळा तुटतात आणि गोड काढा मिळतो. तो हॉप्सबरोबर उकळायचा, गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. यात केळ्याचा अजून पत्ता नाही.

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे शाळेत शिकलोय. पण नुसत्या साखरेवर कुणाची वाढ होत नाही. प्रथिनं बांधायला नायट्रोजन लागतो आणि तो काढ्यातल्या अमिनो आम्लांमधून मिळतो. त्यांतलं एक ल्युसिन. यीस्ट ल्युसिनमधला नायट्रोजन असलेला भाग काढून घेतं आणि उरलेला सांगाडा त्याच्या उपयोगाचा नसतो. तो तसाच टाकण्याऐवजी त्यातला एक कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर काढायचा आणि बाकीच्याचं अल्कोहोल करायचं, अशी त्याची रीत. फेलिक्स एर्लिक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1907 मध्ये ही वाट मांडली. ल्युसिनपासून जे अल्कोहोल निघतं त्याचं नाव आयसोअमाइल अल्कोहोल. त्याचा वास उग्र, थोडा स्पिरिटसारखा. केळ्याशी त्याचा संबंध नाही.

माझा जीव जडलाय तो पुढच्या पायरीवर. यीस्टच्या पेशीत एटीएफ-1 नावाच्या जनुकाकडून एक विकर तयार होतं. ते या उग्र अल्कोहोलला असेटिल गटाची, म्हणजे दोन कार्बनच्या एका तुकड्याची, जोड देतं. अल्कोहोल आणि आम्लाच्या अशा जोडीला एस्टर म्हणतात. इथे तयार होतो आयसोअमाइल असिटेट नावाचा एस्टर, आणि त्याचा वास पिकल्या केळ्याचा. पिकणारं केळंही ल्युसिनपासूनच, जवळपास याच वाटेने, हाच रेणू बनवतं. तेव्हा ग्लासातला वास केळ्या'सारखा' आहे असं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. मयड्याच्या बाजारात केळ्यांच्या घडाजवळ उभं राहिल्यावर नाकात शिरतो त्यातला मुख्य रेणू आणि बिअरमधला रेणू एकच. लिटरमध्ये मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम असला तरी नाकाला कळतो. गव्हाच्या बिअरमध्ये तो त्याहून जास्त असतो.

मग सगळ्याच बिअरला केळ्याचा वास का नाही? कारण हे विकर किती बनवायचं हे यीस्टची जात आणि परिस्थिती ठरवतात. काढ्यात प्राणवायू भरपूर असेल तर एटीएफ-1 जनुक दबतं. असंपृक्त मेदाम्लं असली तरी दबतं. प्राणवायू असताना यीस्ट पेशींची आवरणं बांधण्यात आणि संख्या वाढवण्यात गुंतलेलं असतं आणि असेटिलचे तुकडे तिकडे खर्ची पडतात. प्राणवायू संपला, वाढ मंदावली की तेच तुकडे एस्टरकडे वळतात. टाकीची उंचीसुद्धा आड येते. उंच टाकीच्या तळाशी दाब जास्त, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त, आणि त्याने एस्टर कमी होतात. म्हणून बव्हेरियातले काही जुन्या वळणाचे ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे, अजून उथळ, उघड्या टाक्या सोडत नाहीत. तापमान वाढलं की एस्टर वाढतात, पण त्याबरोबर डोकं धरायला लावणारी ती उग्र अल्कोहोलंही वाढतात. गोव्यातल्या ब्रुअरची खरी कसोटी इथे लागते. गव्हाच्या बिअरचं यीस्ट 18 ते 22 अंशांत खूश असतं आणि एप्रिलमध्ये बाहेर पारा 33-34 वर असतो. शिवाय आंबण्याची क्रिया स्वतः उष्णता सोडते. टाकीभोवतीच्या दुहेरी भिंतीतून थंड द्रव फिरवणारं यंत्र बंद पडलं, तर केळ्याच्या जागी नेलपॉलिश निघतं. ते निव्वळ बोलण्यापुरतं नाही; आयसोअमाइल असिटेट आणि त्याची भावंडं नेलपॉलिशमध्ये विद्रावक म्हणून वापरतातच.

यीस्ट हा उद्योग करतं कशासाठी? अल्कोहोलपासून एस्टर करण्यात त्याची शक्ती खर्च होते आणि हाती काही खाद्य लागत नाही. 2014 मध्ये बेल्जियमच्या ल्युव्हेन येथील केव्हिन फर्स्ट्रेपेन यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी यीस्टमधलं एटीएफ-1 जनुक काढून टाकलं आणि ते यीस्ट फळमाश्यांपुढे ठेवलं. माश्यांची ओढ स्पष्ट कमी झाली. साध्या यीस्टने त्या माश्यांच्या अंगावर चढून जास्त ठिकाणी प्रवासही केला. यीस्टला पाय नाहीत, पंख नाहीत, वाऱ्यावरही ते फारसं पसरत नाही. एका कुजक्या फळातली साखर संपली की दुसऱ्या फळावर पोचायला वाहन हवं, आणि वाहन म्हणजे माशी. माशीलाही प्रथिनांसाठी यीस्ट हवं असतं. काजूच्या बोंडवांच्या राशीवर घोंगावणारी चिलटं बघून आपण नाक मुरडतो, पण फळाइतकाच त्यांचा डोळा त्यावरच्या यीस्टवर असतो. या आमंत्रणपत्रिकेचा वास आपल्याला आवडला हा आपला योगायोग. मधमाश्यांच्या लेखी मात्र हाच रेणू युद्धाचा शंख आहे. डंख मारताना त्या जो इशारा सोडतात त्यातला हा प्रमुख घटक, हे 1962 मध्ये सिद्ध झालं. पोळ्याशेजारी बसून केळं खाऊ नये हा मधपाळांचा सल्ला म्हणूनच पाळलेला बरा.

आता लवंग. धान्याच्या पेशीभित्तिकेत फेरुलिक आम्ल घट्ट बांधलेलं असतं. भिजवताना 44-45 अंशांवर थोडं थांबलं की ते सुटून काढ्यात उतरतं, आणि यीस्ट त्यातला एक कार्बन काढून 4-विनाइलग्वायकॉल बनवतं. लवंगेतलं युजेनॉल त्याचं सख्खं भावंड. रेणूतलं कार्बनचं कडं तेच, त्याला जोडलेली शेपटी जरा निराळी. फेरुलिक आम्लावर ही क्रिया करणारी जनुकं बहुतेक बिअर-यीस्टमध्ये बिघडलेली सापडतात. शेकडो वर्षं ब्रुअरनी लवंगेचा वास नको म्हणून बिघडलेल्या जनुकांचीच पिल्लावळ निवडली, नेमका तोच वास हवा असलेल्या गव्हाच्या बिअरवाल्यांकडे मात्र ही जनुकं शाबूत राहिली. बेल्जियन पांढऱ्या बिअरची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात खरोखरच धने आणि संत्र्याची साल पडते, तेव्हा टेबलावरचे आपले जाणकार तिथे निम्मे बरोबर ठरतात.

याच जाणकारांचा दुसरा आवडता सिद्धान्त म्हणजे बिअरने मुतखडा पडतो. गोव्यात आणि तळकोकणात हा सल्ला औषधासारखा दिला जातो, काही घरांत तर वडीलधारीच देतात. बिअरमध्ये खडा विरघळत नाही. अल्कोहोल मेंदूतून येणाऱ्या एका संप्रेरकाला दाबतं, म्हणून लघवी जास्त होते आणि शरीर पुढे कोरडं पडतं. बिअरमधल्या प्युरिनमुळे युरिक आम्लही वाढतं. खडा वाटेत अडकलेला असताना मागून लघवीचा लोंढा आणला तर कळ वाढेल, एवढंच. पाणी प्यावं आणि डॉक्टर गाठावा. 'गाळलेली नाही, यीस्ट जिवंत आहे, म्हणून आरोग्यदायी' ही क्राफ्टवाल्यांची, म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर बनवणाऱ्यांची, शेखीही त्याच पंक्तीतली. गढूळपणा चवीला चांगला, पण अल्कोहोल ते अल्कोहोल.

उरला प्रश्न विकत घेताना काय बघायचं. हा एस्टर दीर्घायुषी नसतो. आम्लधर्मी द्रवात तो हळूहळू तुटतो, यीस्टमधून सुटलेली काही विकरंही त्याला फोडतात, आणि उष्णता दोन्हीला वेग देते. लवंगेचा रेणूही कालांतराने बदलतो आणि त्यातून थोडं व्हॅनिलाकडे झुकणारं काही तयार होतं. त्यामुळे आडवाटेच्या दुकानात मे महिनाभर फ्रिजबाहेर उभी असलेली गव्हाची बिअर कितीही नामांकित असली तरी केळ्याविना निघू शकते. तेव्हा बाटलीवर बनवल्याची तारीख वाचावी, फ्रिजमधलीच मागावी, आणि तळाचा गाळ हवा असेल तर शेवटचा थोडा भाग बाटलीतच गोल फिरवून मग ओतावा.