नॉकिंग: पेट्रोलच्या आधी उष्णता

इंजिन नॉक मारायला लागलं, म्हणजे आतून टकटक किंवा खडखड यायला लागली, की पहिला संशय पेट्रोलवर जातो. 1910 च्या दशकात तो इग्निशनवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर होता. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी इग्निशन आणली आणि टकटकीचं खापर तिच्यावर फुटलं. त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी शोध घेतला, तेव्हा स्पार्क निर्दोष ठरला. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेट घेत होतं.

9 डिसेंबर 1921 ला शिशाचं संयुग उपयोगी पडलं. इलाज इंधनात सापडला आणि उष्णतेचा मुद्दा मागे पडला. पेट्रोल नॉकला किती दाद देत नाही, ते सांगणाऱ्या ऑक्टेन आकड्याच्या चाचणीत मात्र तो टिकला: रिसर्च ऑक्टेन मोजताना आत येणारी हवा सुमारे 52 अंशांवर असते, मोटर ऑक्टेनला मिश्रण 149 अंशांपर्यंत तापवतात. त्यामुळेच बव्हंशी एकाच पेट्रोलचे दोन आकडे आठ-दहाने वेगळे येतात.

1 फेब्रुवारी 2000 पासून भारतात सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल आलं, म्हणजे शिशाचा तो इलाज गेला. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीला, मुंबईच्या जुन्या टॅक्सीला, नॉक सेन्सर नव्हता, टायमिंग (ठिणगी कधी पडायची ते) डिस्ट्रिब्युटर फिरवूनच लावायचं. बोअरच्या पाण्याने क्षार धरलेला रेडिएटर, मे महिना, भायखळ्याचा ट्रॅफिक. उभ्या गाडीत आवाज नाही, कारण थ्रॉटल (हवा आत सोडणारं झाकण) बंद. जे. जे. पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खडखड सुरू.

गॅरेजमधला झटपट उपाय म्हणजे टायमिंग दोन-तीन अंश मागे घेणं. आवाज थांबतो खरा, पण ज्वलन उशिरा होतं, एक्झॉस्ट जास्त तापतो, ती उष्णता हेडच्या पाण्यात उतरते आणि तापमानाचा काटा आणखी चढतो. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून फेकायचा! हलक्या लोडवर इंजिन गारच राहतं, पेट्रोलची नीट वाफ न होता मिश्रण ओलसर जळतं, पिस्टनवर कार्बन साचतो. कार्बनने कॉम्प्रेशन वाढतं आणि उष्णताही धरून राहते, म्हणजे नॉकिंग पुन्हा हजर.

म्हणून आधी रेडिएटरचा प्रवाह बघावा, मूळ दाबाचंच टोपण लावावं, कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरावं, 82 किंवा 88 अंशांचा, जो मूळ असेल तो थर्मोस्टॅट जागेवर ठेवावा. टायमिंग त्यानंतर, आणि तेही टायमिंग लाइट लावून. पेट्रोल सगळ्यात शेवटी.

सीएनजीचा ऑक्टेन 120 च्या आसपास, त्यामुळे टॅक्सींमधला आवाज गेला. तुंबलेले रेडिएटर मात्र तसेच राहिले. नव्या गाड्यांत सेन्सर नॉक पकडून टायमिंग आपोआप मागे घेतो. खडखड ऐकूच येत नाही, फक्त पिकअप आणि अ‍ॅव्हरेज घटतं.