‘कॉसमॉस’चे 13 भाग: आधी कोणते दाखवावेत?

1976 मध्ये नासाची व्हायकिंग ही दोन यानं मंगळावर उतरली, पण अमेरिकी टीव्हीनं त्यांची फारशी दखल घेतली नाही. मोहिमेवर काम करणारे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि अभियंता जेंट्री ली यांना हे खटकलं आणि दोघांनी टीव्हीसाठी ‘कॉसमॉस’ ही विज्ञानमालिका काढायचं ठरवलं. साचा त्यांना तयार मिळाला. 1973 च्या ‘द असेंट ऑफ मॅन’ या बीबीसीच्या मालिकेत 13 भाग होते, निवेदक एकच, जेकब ब्रोनोव्स्की, आणि ते घटनेच्या जागी उभे राहून बोलत. तिचे निर्माते एड्रियन मॅलोन हेच पुढे ‘कॉसमॉस’चे दिग्दर्शक झाले. पहिला भाग 28 सप्टेंबर 1980 ला दाखवला गेला.

गोव्यातल्या शाळेत किंवा वाचनालयात तासाभराचे 13 भाग ओळीनं दाखवायला सवड कुणाला असते? निवड करावीच लागते. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाची दृश्यं त्या काळी गाजली: सेगन रिकाम्या निळ्या पडद्यापुढे चालत होते आणि दुसरा कॅमेरा त्याच हिशेबानं छोट्या प्रतिकृतीतून फिरत होता, मग दोन्ही चित्रं एकत्र केली जात. आज मुलांना त्याचं अप्रूप वाटत नाही. टिकले ते भाग, ज्यांत एखादी गोष्ट शोधली कशी गेली ते दिसतं.

म्हणून सुरुवात पहिल्या भागानंच करावी. त्यात सेगन दोन छोटे स्तंभ चिकटवलेला नकाशा हातात घेतात. नकाशा सपाट असताना दोन्ही सावल्या सारख्याच, वाकवला की वेगळ्या. इजिप्तमधल्या सायनी (आजचं आस्वान) इथे भर दुपारी सावली नाही, उत्तरेला सुमारे 800 किलोमीटरवरच्या अलेक्झांड्रियात मात्र 7 अंशांची. यावरून एराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानानं पृथ्वीचा परीघ काढला.

हे पणजीत करून बघता येतं. मेच्या 2-3 तारखेला आणि पुन्हा 10 ऑगस्टच्या सुमाराला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्ट पावसात जातो, त्यामुळे मेच धरावा. मीटरभर लांबीचा सरळ दांडा उभा करा. मेमध्ये 12 वाजून 32 मिनिटांच्या आसपास त्याची सावली नाहीशी होते. घड्याळाच्या 12 ला मोजलं तर सगळं बिघडतं. त्याच दिवशी मुंबईत तेवढ्याच दांड्याची सावली चारएक मिनिटं उशिरा सर्वांत आखूड होते, साधारण 6.3 सेंटिमीटर. (तिथे मोजायला नातेवाईक नाही असं घर गोव्यात सापडणं कठीण.) म्हणजे कोन 3.6 अंश, वर्तुळाचा शंभरावा भाग. दोन्ही शहरांमधलं निव्वळ दक्षिणोत्तर अंतर 400 किलोमीटरच्या जवळपास, तेव्हा परीघ आला 40 हजार किलोमीटर.

चुका ठरलेल्या असतात. रस्त्याचं अंतर धरलं, जे साडेपाचशेच्या पुढे आहे, तर उत्तर 55 हजारांवर जातं. दांडा एक अंश कलला तरी सावलीत पावणेदोन सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून ओळंबा लावल्याशिवाय मोजू नये. शिवाय सूर्य हा बिंदू नाही, त्याला अर्ध्या अंशाची रुंदी आहे. त्यामुळे सावलीची कड जवळजवळ सेंटिमीटरभर पुसट दिसते. त्या पुसट पट्ट्याचा मध्य धरावा.

दुसरी पसंती तिसऱ्या भागाला, ग्रहांच्या कक्षा शोधणाऱ्या केप्लरच्या. खगोलनिरीक्षक टायको ब्राहेची निरीक्षणं आणि केप्लरची वर्तुळाकार कक्षा यांत मंगळापाशी फक्त 8 कलांचा फरक येत होता. एका अंशाच्या सातव्या हिस्स्याहून थोडाच कमी. तो केप्लरनं दडपला नाही, वर्तुळच सोडून दिलं. आमच्या मते अख्ख्या मालिकेत याला तोड नाही. त्याच भागात सेगन फलज्योतिषाचाही समाचार घेतात, तेव्हा प्रेक्षकांत कुजबुज होणार हे धरून चालावं.

आठव्या भागातली स्कूटरवरून समजावलेली सापेक्षता नववी-दहावीच्या मुलांना झेपते. दहावा भाग आपल्याकडे हमखास मागितला जातो, कारण त्यात तमिळनाडूतलं चित्रण आणि चोळकालीन नटराज आहे. पण त्यातलं विश्वरचनाशास्त्र 1980 चं आहे; विश्वाचं प्रसरण वेग घेत असल्याचा शोध 1998 चा. सहावा व्हॉयेजर या अंतराळयानांचा. तो 2 नोव्हेंबर 1980 ला दाखवला गेला आणि व्हॉयेजर 1 शनीजवळून गेलं 12 नोव्हेंबरला. त्यामुळे तो लावायचा असेल तर शनीची चित्रं वेगळी जोडून ठेवावीत.