सर्रा माणसाला का होत नाही?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले आणि बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. तेव्हापासून जंगलाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: वाघाचा रोग आपल्याला लागतो का? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असतं. एक तर ‘जनावरांचं दुखणं जनावरांपाशी’, नाहीतर ‘आता आपलं काही खरं नाही’. दोन्ही चूक. कोणता जंतू कुणाच्या शरीरात तगेल हे त्या त्या प्राण्याचे रेणू आणि ते घडवणारी जनुकं ठरवतात. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे.

गुरं आणि घोडे पाळणाऱ्यांना सर्रा हा रोग ठाऊक असतो. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, जनावर वाळत जातं. याला कारण ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा एकपेशीय परजीवी. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने १८८० साली तेव्हाच्या पंजाबात आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला. टॅबॅनस जातीच्या मोठ्या चावऱ्या माश्या एका जनावराचं रक्त पिताना अर्ध्यातून उठतात, दुसऱ्यावर बसतात आणि सोंडेला लागलेलं रक्त तिथे पोचवतात. गाई-म्हशी अनेकदा फारशी लक्षणं न दाखवता तो अंगात बाळगतात. अशा जनावराचं ताजं मांस खाऊनही मांसाहारी प्राण्याला लागण होऊ शकते. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला इथे जंगल आणि गावाची गुरं यांच्यात कुंपण नाही, म्हणून हा मार्ग महत्त्वाचा. २००० साली ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात याच परजीवीने थोड्या दिवसांत डझनभर वाघ नेले.

हा मूळचा आफ्रिकेचा. तिथल्या निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमाचा हा सख्खा भाऊ. आफ्रिकेतल्या भावंडाला वाढीचा एक टप्पा त्सेत्से माशीच्या आतड्यात काढावाच लागतो आणि त्यासाठी त्याच्या मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या, डीएनएची मोठी कडी लागते. इव्हान्सीने ही कडी गमावली. एटीपी सिंथेज या ऊर्जेशी संबंधित विकराच्या एका भागात उत्परिवर्तन झालं असल्यामुळे तो तिच्यावाचूनही जगला. त्सेत्सेत तो आता वाढू शकत नाही, पण त्याला तिची गरजही उरली नाही. कुठलीही चावरी माशी चालते. जनुकं गमावून एका परजीवीला सगळा आशिया मोकळा झाला!

ताप चढण्या-उतरण्याचं रहस्यही जनुकांत आहे. परजीवीच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंचं दाट आवरण असतं. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, बहुतेक परजीवी मरतात, ताप उतरतो. पण काहींनी तोवर दुसरं जनुक चालू केलेलं असतं. बैलाने दर पोळ्याला नवी झूल ल्यावी तसं त्यांचं आवरण बदलतं आणि जुनी प्रतिपिंडं निकामी होतात. पुन्हा ताप. आफ्रिकेतल्या भावंडात अशी जनुकं दोन हजारांच्या घरात मोजली गेली आहेत. त्यांतली बरीच तुटकी आहेत, पण त्यांचे तुकडे जोडूनही नवं आवरण बनतं. उलटून येणाऱ्या तापाला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून मांत्रिकाकडे धावणाऱ्यांना हे सांगायलाच हवं: त्या तापाला लय आहे आणि त्या लयीला कारण आहे. दोन तापांच्या मधले बरे दिवस अंगाऱ्याच्या खात्यावर जमा होतात आणि उपचार लांबतो.

मग ज्या गोठ्यात या माश्या गुरांना चावतात, तिथेच राबणाऱ्या माणसाला सर्रा का होत नाही? परजीवीला हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, स्वतः बनवता येत नाही. म्हणून तो रक्तात फिरणारं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन या प्रथिनासकट आत ओढतो. माणसाच्या रक्तात हुबेहूब हॅप्टोग्लोबिनसारखं दिसणारं आणखी एक प्रथिन असतं. ते एचडीएलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या, कणावर बसलेलं असतं आणि त्याच कणावर असतं अपोएल१ नावाचं दुसरं प्रथिन. परजीवी फसतो, सगळा कणच गिळतो. आत, लायसोसोम या पचनाच्या आम्लयुक्त पिशवीमध्ये, अपोएल१ चा आकार पालटतो, ते पटलात घुसतं आणि आयनांना वाट उघडून देतं. क्षार आणि पाणी शिरतं, पेशी फुगते, फुटते. अपोएल१ आपल्याकडे, गोरिलाकडे आणि काही बबून माकडांकडे आहे. वाघाकडे नाही, बैलाकडे नाही.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला महिनोन् महिने उलटून येणारा ताप होता आणि त्याच्या रक्तात चक्क ट्रिपॅनोसोमा वळवळताना दिसला. नागपूरच्या डॉक्टरांचा सहभाग असलेल्या पथकाने ही नोंद प्रसिद्ध केली. माणसाला इव्हान्सीची लागण झाल्याचं निःसंशय सिद्ध झालेली ती पहिलीच नोंद. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी त्याचं अपोएल१ चं जनुक वाचलं, तेव्हा आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत बिघाड निघाला. डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. एखादं अक्षर गळालं किंवा जास्तीचं घुसलं की पुढचे सगळे गट सरकतात आणि कामाचं प्रथिन बनत नाही. त्याच्या रक्तात अपोएल१ नव्हतंच. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात ते मिसळल्याबरोबर परजीवी मरू लागले. हा निष्कर्ष २००६ मध्ये छापून आला. गावात नंतर अठराशेहून जास्त लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा अनेकांत प्रतिपिंडं सापडली, पण त्यांतल्या ज्यांच्या रक्तात परजीवी शोधला, त्यांच्यापैकी एकातही तो दिसला नाही.

‘अमुक रोगाचं जनुक सापडलं’ अशा मथळ्यांवर मात्र विसंबू नका. पुढे व्हिएतनाममध्ये एका स्त्रीला हाच रोग झाला आणि तिचं अपोएल१ पूर्ण शाबूत होतं. म्हणजे परजीवीला आणखी एखादी वाट सापडते. ती त्याच्या जनुकांत शोधायची तर त्याचे नमुने हवेत. वाघ उपचारासाठी किंवा कॉलर घालण्यासाठी बेशुद्ध केला जातो तेव्हा काही थेंब रक्त मिळतं. त्यात परजीवी इतके विरळ असू शकतात की सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर दिसत नाहीत, पण इव्हान्सीच्या खास आवरण-जनुकावर बेतलेली पीसीआर चाचणी तीस फेऱ्यांत एका तुकड्याच्या शंभर कोटींवर प्रती करून त्याला पकडू शकते. त्याच आठवड्यात त्या जंगलालगतच्या गोठ्यांतलं रक्तही तपासलं, तर वाघातला आणि गुरातला परजीवी एकच आहे का, हे अक्षर-अक्षर जुळवून सांगता येईल.